प्रश्नानंतरची जागा

डोळ्यांत थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसायचं असतं. दवाखान्याच्या भिंतीलगतच्या बाकावर मी तसा बसलो होतो. डोळे मिटले की कान उगीच लांबवर जातात. पंख्याची करकर, फरशीवर ओढत चाललेल्या चपला, कुणीतरी गोळ्यांचं पाकीट सोलत होतं त्याचा कुरकुर आवाज, आणि या सगळ्यांच्या खालून एक बारीक, घाईघाईचा पुरुषी आवाज. कुणीतरी फोनवर कसलीशी जाहिरात लावली असावी असं वाटलं. माणूस काहीतरी विकत होता, आणि गिऱ्हाईक निघून जाईल या धास्तीने श्वास न घेता बोलत होता. मग त्याने 'समजा' म्हटलं. 'समजा' म्हणताना मधल्या अक्षरावर किंचित रेंगाळायची माझ्या वडिलांना सवय होती. मला आधी वडीलच आठवले, त्यांचा स्वेटर, त्याची उसवलेली बाही. वडील इथे कसे बोलतील, ते जाऊन किती काळ लोटला, असा विचार अर्धवट सुरू झाला आणि तिथेच तुटला. फोनमधला तो मी होतो. 'समजा, आपण चेंडू सरळ वर फेकला. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचं त्वरण किती? त्वरण शून्य नसतं, ते तेवढंच असतं, खालच्या दिशेला.' प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये फट नव्हती. एका दाराला दुसरं दार चिकटवून टाकावं तसं.

मी डोळे न उघडता शेजारी वळलो. "काय ऐकतेयस?" मुलगीच आहे हे मला तिच्या बांगडीच्या आवाजावरून कळलं होतं.

"अभ्यास, आजोबा. आवाज कमी करू का?"

"नको, नको. फार भरभर बोलतात नाही हे?"

ती हसली. "ते नाही हो बोलत, मी पळवते. दीडपट. मुळात फार सावकाश आहेत हे सर. डोळ्यांत थेंब घातलेत, बघता येत नाही, म्हणून नुसतं ऐकतेय. दुकानात कामाला आहे ना मी, बाहेरून परीक्षा देते. वेळ मिळेल तेवढा." मग जरा थांबून म्हणाली, "पण चांगलं सांगतात. गेल्या वेळी या विषयात उडाले होते. या वेळी निघेन."

माझा आवाज तिने माझ्या वेगात कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे तिने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघं शेजारीशेजारी डोळे मिटून बसलेलो. मला हे सांगून टाकता आलं असतं. मी लाजलो. या वयात लाजणं शोभत नाही, पण लाज वयाप्रमाणे सुटत नाही हे मला आता पुरतं कळलं आहे. सांगण्याऐवजी मी विचारलं, "मग वरच्या टोकाला त्वरण किती?"

"शून्य नसतं, ते तेवढंच असतं, खालच्या दिशेला," ती म्हणाली. शब्द माझे, चढउतार माझे, आणि घाई फोनची.

"का?"

फोन बंद केल्याची टिकटिक ऐकू आली. ती विचार करत होती की म्हाताऱ्याला वैतागली होती हे डोळे मिटून कळत नव्हतं. मी वाट पाहत राहिलो. वाट पाहणं एवढं एक काम मला येतं असं मी आयुष्यभर समजत आलो आहे. पंखा करकरत होता. तिचा श्वास आत गेला, काहीतरी बोलायला जातो तसा, आणि तेवढ्यात परिचारिकेने माझा नंबर पुकारला, माझं कोपर धरलं आणि मला आत नेलं. मी बाहेर आलो तेव्हा त्या बाकावर दुसरंच कुणीतरी खोकत होतं.

रस्त्यावर आलो तर सगळं पांढरं. बाहुल्या उघड्या राहिल्या की प्रकाशाला अडवणारं कुणी उरत नाही; मोटारींच्या काचा, पत्र्याचे फलक, माणसांची कपाळं, सगळं एकाच जातीचं चमकत होतं. दवाखान्यातला कागदाचा काळा चष्मा कानांवर टोचत होता. मला दुपारी कॉलेजात जायचं होतं. विभागप्रमुखबाईंनी बोलावलं होतं. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी; एकटी असेल तेव्हा मी तिला 'तू' म्हणतो, शिपाई चहा घेऊन आला की 'मॅडम'. निवृत्तीनंतर त्यांनीच मला पहिल्या वर्षाचा एक वर्ग दिला, आठवड्याचे मोजके तास. तेवढ्यासाठी मी सकाळी दाढी करतो. बायको म्हणते, तो वर्ग गेला तर तुम्ही लुंगीवरच म्हातारे व्हाल. आज त्या वर्गाचाच निकाल लागायचा होता, हे मला ठाऊक होतं, आणि चालताना मी त्याचा विचार करायला हवा होता. मी त्या मुलीच्या आत गेलेल्या श्वासाचा विचार करत होतो. काय म्हणणार होती ती?

आणि पाठातल्या प्रश्नानंतरच्या त्या कापलेल्या जागेचा. ती जागा मी भरली होती, म्हणजे रिकामी ठेवली होती, हे मला नक्की आठवत होतं. गेल्या वर्षी ते पाठ आम्ही चित्रित केले. त्याची खोली म्हणजे आमची जुनी उपकरणांची खोली. एके काळी तिथे काचेच्या कपाटांत लोलक, लंबक, गंजके चुंबक असत, आणि दार उघडलं की लाकडाचा, तेलाचा आणि धुळीचा मिळून एक वास अंगावर येई. आता भिंतींना काळा स्पंज लावला होता. त्या खोलीत आवाज तोंडातून निघतो आणि समोर पडतो, परत येत नाही. चित्रीकरण करणाऱ्या बाई पूर्वी लग्नांचे व्हिडिओ करायच्या. मला सारखं 'हसा, सर, तुमचंच लग्न आहे असं समजा' म्हणायच्या. मी चेंडूचा प्रश्न विचारला आणि भिंगाकडे बघत थांबलो.

"सर, विसरलात का?" बाईंनी कॅमेऱ्यामागून विचारलं.

"नाही. ते विचार करताहेत."

"कोण?"

मला सांगता येईना. मी भिंगाकडे बोट केलं. त्या वाकून भिंगात पाहू लागल्या, जणू आत खरंच कुणी बसलं असेल. मग म्हणाल्या, "बरं, करू देत. मी नंतर कापते."

'कापते' हा शब्द मी तेव्हा ऐकला होता, आणि ऐकून गप्प राहिलो होतो, कारण त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता बोलत होतो. भिंगाच्या कपाळाला आठी पडत नाही, ते जांभई देत नाही, शेवटच्या बाकावरून खुसखुसत नाही. माझी वाक्यं सरळ येत होती. घरी येऊन बायकोला म्हटलंसुद्धा, आज मी चांगला बोललो. तेव्हापासून एक काटा आत आहे: म्हणजे मला मुलं नकोच होती की काय? इतकी वर्षं मी ज्यांच्यासमोर उभा राहिलो, ती माझ्या बोलण्यातली अडचणच होती?

कॉलेजच्या जिन्यात नवीन रंगाचा वास होता. जिथे पूर्वी पदार्थविज्ञान प्रयोगशाळा अशी पाटी होती तिथे आता 'अध्ययन दालन' लिहिलंय म्हणे. मला ते वाचता येत नव्हतं, नुसता निळा डाग दिसत होता. आत मुलं गोल टेबलांभोवती बसतात. रुळावरून गाडी सोडून कागदी फितीवर ठिपके मोजण्याऐवजी फोनच उतारावरून सोडतात आणि फोनच आलेख काढून देतो. मी एकदा उभा राहून पाहिलं होतं. आलेख सुरेख आला होता. टीका करायची म्हणून मी काहीतरी शोधत होतो आणि मला सापडलं नाही. नव्याला नावं ठेवणारे म्हातारे मला लहानपणापासून आवडत नाहीत, आणि आता रोज सकाळी आरशात त्यांतलाच एक दिसतो.

"सर, काळा चष्मा! एकदम सिनेमातले दिसताय," विभागप्रमुख म्हणाली.

"डोळे तपासून आलो. अक्षर दिसत नाही."

"अरेच्चा. मग मी वाचून दाखवते." तिने कागद उचलला आणि वाचू लागली. ध्वनिचित्रमुद्रित पाठ, सदर पाठांचा वापर, संमती देणार. मी ऐकत होतो तो तिचा आवाज. पहिल्या वर्षात असताना ती दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसायची. तेव्हा ती हात वर करताना कोपर दुसऱ्या हाताने धरायची, जणू हात जड आहे.

"सोप्या भाषेत सांग," मी म्हटलं.

"सोप्या भाषेत म्हणजे, सर, पाठ कॉलेजचे. पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाला तेच लावायचे. मुलं घरी बघून येतील आणि वर्गात गटागटाने गणितं सोडवतील. त्याला एक सहायक पुरतो."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की." ती जरा अडखळली. "पडद्यावर."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसू कुठे ठेवावं ते दोघांनाही कळेना. ती म्हणाली, "सर, मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण खरं सांगू? कामावर जाणारी पोरं आहेत, लांबून येणारी आहेत. तुमचा तास एकदाच होतो. पाठ ती तीनदा बघतात. नापास होणारे कमी झालेत."

मला दुकानात काम करणारी ती मुलगी आठवली. या वेळी निघेन, म्हणाली होती. माझ्याकडे फक्त एक तक्रार होती आणि ती तोंडातून फारच लहान होऊन बाहेर आली. "त्यातल्या शांतता कापल्यात."

"मीच सांगितलं होतं कापायला."

"तू?"

"मुलं प्रतिसादाच्या अर्जात काय लिहितात माहितीय? 'सर मध्येच थांबतात.' 'सरांची समाधी लागते.' एकाने तर लिहिलंय, 'नेट गेलं असं वाटून मी फोन बंद करून परत चालू केला.'" ती हसत होती, पण मऊपणाने. "पडद्यावरची शांतता कोण बघणार, सर?"

"माझ्या पहिल्याच वर्गात तू बसलीस त्या शांततेत. तूच पहिल्यांदा हात वर केलास. त्या दिवशी मला कळलं की थांबलं की मुलं विचार करतात." हे मी अनेकदा सांगितलं होतं. शिक्षकांच्या एका परिषदेत मी त्यावर निबंधही वाचला होता, 'वर्गातील शांततेचे स्थान', आणि त्या दिवशी टाळ्या वाजल्या होत्या.

शिपायाने चहा आणून ठेवला. तो गेल्यावर ती म्हणाली, "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा, मॅडम," मी चुकून म्हटलं.

"त्या दिवशी मला वाटलं तुम्ही विसरलात. तुमचा हात थरथरत होता, खडू खाली पडला होता. सगळ्या वर्गाला तसंच वाटलं. वाटलं, हे आता रडतील की काय. म्हणून मी हात वर केला. उत्तर येत नव्हतं मला. उभी राहिल्यावर शोधलं."

चहा कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. बशीची कड तेवढी चमकत होती. मी विचारलं, "नंतरही?"

"नंतरही. आम्ही आपसात पाळ्या लावल्या होत्या, सर. आज तू सोडव त्यांना, उद्या मी. घरून वाचून यायचो त्यासाठी." मग घाईने म्हणाली, "पण त्यामुळेच तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. कागद तिने पुन्हा पाकिटात घातला. "आज सही नको. उद्या सकाळी तुमचा तास आहे ना? मी मागे येऊन बसते. डोळे निवळले की बघून, वाचून करा."

घरी येईपर्यंत उन्हाची धार कमी झाली होती, पण माझ्या आतली नाही. ती खरं बोलली होती. त्या पहिल्या वर्गात मी विसरलोच होतो. थांबलो नव्हतो, अडकलो होतो. मग ती मुलगी बोलली, मला सुटल्यासारखं झालं, आणि पुढे वर्षानुवर्षं मी त्या भीतीला इस्त्री करून पद्धत म्हणून अंगावर घालत आलो. हे मला कुठेतरी ठाऊक होतं का? असेल. निबंध वाचताना टाळ्या वाजल्या तेव्हा माझे कान तापले होते, ते आनंदाने तापले नव्हते. पण पाळ्या लावल्या होत्या हे नवीन होतं. चाळीस पोरं मला रोज वाचवत होती आणि मी समजत होतो मी त्यांना शिकवतोय.

बायको शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं. तिने शेंगांवरून नजर काढली नाही.

"यात नवीन काय? लग्नाआधी फिरायला गेलो होतो, आठवतंय? तुम्ही विचारलंत, 'मग काय ठरवलंस?' आणि जे गप्प बसलात ते बसलात. शेवटची बस उभी होती. कंडक्टर आपल्याकडे बघत होता."

"तू हो म्हणालीस."

"मग काय करणार? बस सुटली असती."

"म्हणजे दया आलेली."

"आलेली थोडी." तिने एक शेंग माझ्या हातात दिली. "पण हो म्हणायच्या आधी मी विचार केला होता. तुम्ही बडबड करत बसला असतात तर केला नसता. उठा, हातपाय धुवा. आणि तो कागदी चष्मा काढा, चेटक्यासारखे दिसताय."

रात्री झोप लागली, पण ती वरवरची. पहाटे जाग आली तेव्हा छत स्पष्ट दिसत होतं, पोपडे आणि त्यांच्या कडा. मला राहून राहून वाटत होतं की आज मला थांबता येणार नाही. एकदा कळलं की ते आपल्याला सोडवतात, तर मग अडकल्याचं सोंग कसं आणायचं? आणि सोंग नसेल, खरंच अडकलो, तर ती निव्वळ भीक झाली.

वर्गात विभागप्रमुख मागच्या बाकावर येऊन बसली होती, पाकीट मांडीवर. पुढे साठेक मुलं. काहींच्या कानांत फोनची ती पांढरी बोंडकं. मी गतीचा धडा काढला. भराभर बोलत सुटलो. माझं मलाच ऐकू येत होतं, तो दवाखान्यातला माणूस, गिऱ्हाईक निघून जाईल म्हणून घाबरलेला. मी खडूचा तुकडा वर फेकला आणि झेलला. "वरच्या टोकाला थांबतो. तेव्हा त्याचं त्वरण किती?" आणि उत्तर जिभेवर आलं, फोनमधल्यासारखं, चिकटून. मी ते गिळलं. का गिळलं ते मला माहीत नाही. त्या मुलीचा आत गेलेला श्वास आठवला एवढंच. तो अजून बाहेर आलेला नव्हता.

शांतता झाली. ती तीच होती, ओळखीची: आधी वह्यांची सळसळ थांबते, मग कुणाचा तरी बाक कुरकुरतो. माझा हात थरथरू लागला. तो मी खिशात घातला नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नेमकं तेच होतं जे इतकी वर्षं मला आदर वाटत आलं होतं. मागच्या बाकावर हालचाल झाली. विभागप्रमुखांचा उजवा हात वर येऊ लागला, दुसऱ्या हाताने कोपर धरून, हात जड असल्यासारखा. मी मान हलवली. नको. तिने हात खाली घेतला आणि त्यावर बसल्यासारखी बसली.

"शून्य," खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला. आवाजात सहानुभूती होती. "वर काही नसतं, सर. म्हणून तर थांबतो."

"मग खाली का येतो?" मी विचारलं.

तो बोलायला गेला आणि थांबला. त्याने छताकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहून शेजारच्याने पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या त्या मुलीने, जिला माझी कीव येत होती. आता माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. एकाने कानातलं बोंडूक काढून बाकावर ठेवलं. एकजण खोडरबर वर फेकून बघू लागला, पुन्हा पुन्हा, फार हलक्या हाताने. माझा हात केव्हा थरथरायचा थांबला ते मला कळलं नाही. वर काही नसतं तर तो तिथेच राहिला असता, लटकत, असं कुणीतरी शेजाऱ्याला कुजबुजत सांगितलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं, कारण बाकीच्यांचं अजून चाललं होतं.

तास संपल्यावर ती दारात उभी होती. मी पाकीट मागून घेतलं, कागद वाचला, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि सही केली. पाठ त्या दुकानातल्या मुलीचे होते. ते मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नव्हतो. विभागप्रमुखबाईंनी कागदावर फुंकर घातली, शाई वाळावी म्हणून, पूर्वीच्या सवयीने.

"आठवड्याला हा एक तास मी ठेवतेय, सर," ती म्हणाली. "पाठ घरी बघतील आणि या तासाला येतील. वरून विचारतील तेव्हा बघू. पण वेळापत्रकात रकाना असतो, काय शिकवणार त्याचा. तो रिकामा सोडता येत नाही. चर्चा लिहू?"

"चर्चा नको."

"शंकानिरसन?"

"छे, छे. निरसन कसलं?"

"मग काय लिहू?"

जिन्यावरून पुढच्या वर्गाची मुलं येत होती, भिंतीला घासत, हसत. मी शब्द शोधू लागलो. एकही सापडेना. मी तिच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, की आता ही काहीतरी सुचवेल. ती पेन उघडं धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती, घाई न करता, आणि या वेळी ती मला सोडवत नव्हती.